‘अ’ जीवनसत्त्वाचा अभाव व दिवेलागणीची दृष्टी
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनातील व्याख्यानाचा मजकूर)



दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना इंग्लंडातील शेफील्ड या पोलादाच्या कारखान्यांच्या शहरी, एका प्रशस्त घरात काही तरुण माणसे एकत्र राहत होती. ती सैन्यात गेली नव्हती. युद्ध करणे आपल्या सदसद्विवेकबुद्धीस मान्य नाही असे सांगणाऱ्या माणसास लष्करी नोकरीतून सूट मिळण्याची सोय त्या देशाच्या कायद्यात होती. परंतु कायद्याने दिलेली सूट शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नजरेत असतेच असे नाही. शस्त्र न धरणारा माणूस भित्रा, हा समज सर्वत्र सारखाच. म्हणून त्यांच्यापैकी पुष्कळांच्या मनात असे होते की, आपण कोणाचा जीव घेणार नाही हे खरे. पण लोकांच्या कल्याणासाठी स्वतःच्या देहाला कष्ट देण्यात मागे राहणार नाही, हे कृतीने दाखवावे. केनेथ मेलॅन्बी या कीटकशास्त्रज्ञाने त्यांच्या या इच्छेला वाट करून दिली. त्याने शेफील्डला सॉर्बी संशोधन संस्था या नावाने हे घर चालवले आणि १९४१ च्या सुमारास या तरुणांना बरोबर घेऊन आरंभी खरजेच्या प्रसारावर प्रयोग केले. खरूज झालेल्या सैनिकांचे न धुतलेले कपडे अंगावर घालून निजण्याचे काम या स्वयंसेवकांनी आनंदाने केले. खरूज पसरते ती मुख्यतः अंगाला अंग लागून, कपड्यांपासून फारच क्वचित, हे त्यावरून सिद्ध झाले आणि सैन्याच्या कपड्यांच्या निर्जंतुकीकरणावरचा मोठा खर्च कमी करता आला. त्या संशोधनाची हकीकत मोठी मनोरंजक आहे, पण ती येथे लांबवण्याचे कारण नाही.

येथे प्रस्तुत आहे तो जुलै १९४२ मध्ये सुरू होऊन ऑक्टोबर १९४४ पर्यंत चाललेला दुसरा प्रयोग. ‘अ’ जीवनसत्त्वावाचून माणूस किती दिवस राहू शकतो, आणि निरोगी राहण्यास त्याला ते रोज किती लागते, हा त्याचा प्रश्न होता. हे जीवनसत्त्व १९१३ मध्ये अमेरिकेत मॅक्कॉलम आणि डेव्हिस यांच्या उंदरांवरील प्रयोगांतून प्रथम ओळखले गेले. लोण्यातील किंवा अंड्यातील स्निग्धांश दिल्यास उंदरांची पिले वाढतात आणि डुकराची चरबी दिल्यास त्यांची वाढ खुंटते, एवढ्या साध्या निरीक्षणातून तो शोध लागला. परंतु उंदराला किती लागते यावरून माणसाला किती लागते हे सांगता येत नाही. युद्धात समुद्रमार्ग धोक्यात आलेले, अन्नाचे शिधापत्रकावर वाटप चाललेले; अशा वेळी प्रत्येक नागरिकाच्या ताटात कमीत कमी काय पडले पाहिजे हे सरकारला नेमके माहीत असणे निकडीचे होते. शिवाय दिवे मालवलेल्या शहरांतून माणसांना रात्री चालावे लागे आणि वैमानिकांना काळोखात उडावे लागे, यामुळे अंधारातील दृष्टीला त्या दिवसांत विशेष महत्त्व आलेले होते. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाने हे काम हाती घेतले. त्यात प्रमुख भाग हान्स क्रेब्स यांचा होता. हे नाव जीवरसायनशास्त्रात पुढे सर्वश्रुत झाले. जर्मनीत ज्यू म्हणून नोकरी गमावून १९३३ मध्ये ते इंग्लंडच्या आश्रयास आलेले होते.

प्रयोगात २३ जण सामील झाले. त्यांपैकी १६ जणांना ‘अ’ जीवनसत्त्व जवळजवळ मुळीच नसलेला आहार देण्यात आला. उरलेल्या ७ जणांना अन्न तेच, मात्र वरून मोजून ते जीवनसत्त्व किंवा ज्यापासून शरीर ते तयार करते ते कॅरोटीन देण्यात आले, म्हणजे तुलनेस आधार राहावा. असा आहार बेतणे हे वाटते तितके सोपे काम नव्हे. दूध, लोणी, साय, अंड्याचा बलक, यकृत, तेलकट मासे हे सारे वर्ज्य. गाजर वर्ज्य, आणि कोणतीही हिरवी पालेभाजी वर्ज्य. ब्रिटनमध्ये १९४० पासून मार्गारिन या कृत्रिम लोण्यात ‘अ’ आणि ‘ड’ ही जीवनसत्त्वे मिसळण्याची सक्ती होती, म्हणून बाजारातले मार्गारिनही चालण्यासारखे नव्हते. जे जे पिवळे, केशरी, हिरवे आणि स्निग्ध, ते ते गेले. मागे राहिले ते फिकट अन्न. बाकीचे पोषण उणे पडणार नाही याची काळजी घेतलेली होती, कारण एकाच गोष्टीचा अभाव तपासायचा असेल तर दुसरा कोणताही अभाव मध्ये येता कामा नये.

हे अन्न एखाद्या आठवड्यापुरते नव्हते. महिनेच्या महिने, काहींच्या बाबतीत दोन वर्षांपर्यंत, हेच पथ्य पाळावयाचे होते. त्यांच्यावर पहारा नव्हता. कोणी बाहेर जाऊन पेलाभर दूध प्यायला असता, तर त्याला अडवणारे कोणी नव्हते. ज्यांच्या सचोटीविषयी देशातील पुष्कळांना शंका होती, त्यांच्याच सचोटीवर हा सगळा प्रयोग उभा होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

त्यांची तपासणी मुख्यतः दोन प्रकारांनी होत असे. रक्त काढून त्यातील ‘अ’ जीवनसत्त्वाचे प्रमाण मोजत. आणि अंधाऱ्या खोलीत डोळ्यांची परीक्षा घेत. ही दुसरी परीक्षा समजून घेणे शिक्षकांस अगत्याचे आहे. भर उन्हातून घरातल्या धान्याच्या अंधाऱ्या खोलीत शिरले की प्रथम काहीच दिसत नाही. काही क्षणांनी कणगीची कड दिसू लागते, मग सूप दिसते, आणि अर्धा घटका तेथेच उभे राहिले तर भिंतीवरची खुंटीही दिसते. याला डोळा अंधारास सरावणे म्हणतात. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर दोन जातींच्या पेशी आहेत. उजेडात आणि रंग पाहण्यास उपयोगी पडतात त्या शंकूच्या आकाराच्या, आणि मंद प्रकाशात कामास येतात त्या दंडाच्या आकाराच्या. या दंडपेशींत एक जांभळट द्रव्य असते. प्रकाश पडला की ते विरते आणि काळोखात पुन्हा भरून येते. ते भरून येण्यास ‘अ’ जीवनसत्त्व लागते. जॉर्ज वॉल्ड यांनी १९३३ मध्ये डोळ्याच्या पडद्यात हे जीवनसत्त्व असल्याचे दाखवले, आणि दृष्टीच्या रसायनाविषयीच्या कार्यासाठी १९६७ मध्ये त्यांना इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले. जीवनसत्त्व कमी पडले की दंडपेशी रित्या राहतात. दिवसाची दृष्टी शाबूत, पण दिवस मावळला की डोळ्यांपुढे पडदा. यालाच रातांधळेपणा म्हणतात.

शेफील्डच्या त्या १६ जणांना किती दिवसांत रातांधळेपणा आला असेल? संशोधकांचीही अपेक्षा काही महिन्यांची असावी. घडले ते निराळेच. महिने गेले, वर्ष उलटले, तरी बहुतेकांचे डोळे पूर्वीसारखेच काम देत राहिले. रक्तातील प्रमाण फार सावकाश उतरत होते. अखेरपर्यंत १६ पैकी अवघ्या तिघांच्या बाबतीत अंधारातील दृष्टी निश्चितपणे आणि ठळकपणे खालावली. या तिघांवर मग उलट दिशेने प्रयोग करून, किती मात्रेने ती दृष्टी परत येते हे पाहण्यात आले. रोज सुमारे १,३०० आंतरराष्ट्रीय एकके ही निभावण्यापुरती कमीत कमी मात्रा ठरली, आणि सुरक्षिततेसाठी तिच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे २,५०० एकके, ही शिफारस करण्यात आली. ह्यूम आणि क्रेब्स यांनी संपादिलेला अहवाल १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी प्रौढ माणसासाठी ७५० मायक्रोग्रॅमचे जे प्रमाण १९६० नंतरच्या दशकात सुचवले, ते याच २,५०० एककांचे दुसरे रूप. मूठभर युद्धविरोधी माणसांनी दूधलोण्यावाचून काढलेल्या दिवसांतून जगातील आहाराच्या कोष्टकांतला एक आकडा आला.

त्या तेरा जणांचे डोळे मग टिकले कशावर? उत्तर त्यांच्या यकृतात होते. शरीरातील ‘अ’ जीवनसत्त्वाचा फार मोठा भाग यकृतात साठवलेला असतो. ही माणसे लहानपणापासून दूध, लोणी, अंडी खाऊन वाढलेली. त्यांच्या पोटात जणू भरलेले पेव होते. पेवातील धान्य संपत आले तरी घरातल्या माणसांना रोजची भाकर मिळतच असते, आणि बाहेरून पाहणाऱ्यास पेव किती रिते झाले याचा पत्ता लागत नाही. रक्तातले प्रमाणही यकृत जमेल तोवर सावरून धरते. म्हणजे रातांधळेपणा ही या अभावाची सुरुवात नव्हे. पेवाच्या तळाशी हात लागल्यावरची ती खूण आहे. शेफील्डच्या प्रयोगातून खेड्यातील शिक्षकाने काही उचलायचे असेल तर ते हे.

आता ज्याचे पेव मुळात भरलेच नाही, त्या मुलाचा विचार करावा. मूल जन्मते तेव्हा त्याच्या यकृतात साठा अगदी थोडा असतो. तो भरतो आईच्या दुधाने. बाळंतिणीचे पहिले दूध, ज्याला चीक म्हणतात, त्यात हे जीवनसत्त्व विशेष असते, आणि पुष्कळ घरांतून तेच ‘जड’ म्हणून काढून टाकण्याची चाल होती. आईच स्वतः भाकरी व मिरचीच्या खर्ड्यावर राहणारी असेल, तर तिच्या दुधातही ते बेताचेच. मूल दुधावरून सुटले की भात, भाकरी, चहा. मग गोवर येतो, हगवण लागते, पोटात जंत होतात. दुखण्यात शरीराची गरज वाढते आणि अन्नातले अंगी लागणे घटते. शेफील्डच्या धडधाकट तरुणाचा साठा दोन वर्षे पुरला. अशा मुलाचे पारडे एका गोवरात उलटते. डोळ्याचा पांढरा भाग कोरडा, निस्तेज दिसू लागतो, नंतर बुबुळावरचा पारदर्शक पडदा कोरडा पडतो, आणि शेवटच्या अवस्थेत तो मऊ पडून फुटतो. ही शेवटची पायरी कित्येकदा एकदोन दिवसांत ओलांडली जाते, आणि तिच्यावरून परत येता येत नाही.

दूधदुभते असलेल्या मुलखातही हे घडते, याचे बोलके उदाहरण डेन्मार्क या देशाचे आहे. डेन्मार्क म्हणजे लोण्याचे माहेरघर. तरीही विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कोपनहेगनच्या इस्पितळात डोळे कोरडे पडलेली, काही तर कायमची अंध झालेली मुले मोठ्या संख्येने येऊ लागली. ब्लॉक या बालरोगतज्ज्ञाने चौकशी केली तेव्हा असे दिसून आले की, चांगल्या लोण्याला परदेशी भाव येत असल्याने ते देशाबाहेर जात होते आणि गरिबांची मुले साय काढलेले दूध व कृत्रिम लोणी यांवर वाढत होती. पहिल्या महायुद्धात नाकेबंदीमुळे निर्यात थांबली. १९१७ च्या अखेरीस लोण्याचे स्वस्त दराने घरोघर वाटप सुरू झाले, आणि पुढच्या वर्षी ही नेत्रव्याधी जवळजवळ नाहीशी झाली. दूध देशात होतेच. ते मुलाच्या पेल्यापर्यंत पोचत नव्हते, एवढेच. सकाळ-संध्याकाळ डेअरीच्या गाडीत कॅन चढवून घरी फक्त चहापुरते दूध ठेवणारी गोठ्यांची घरे महाराष्ट्रातील कोणत्या गावात नाहीत? त्या घरांना दोष देता येत नाही. दुधाचा पैसा हाच त्यांचा चालता संसार असतो. परंतु ‘घरी दोन म्हशी आहेत’ एवढ्यावरून त्या घरचे मूल पोटभर दूध पिते असे शिक्षकाने गृहीत धरू नये.

डोळ्यांपुरतेच हे नुकसान असते तरीही ते थोडे नव्हते. परंतु आल्फ्रेड सॉमर या वैद्याने १९७० नंतरच्या दशकात इंडोनेशियातील मुलांची पाहणी करताना असे पाहिले की, ज्या मुलांना नुसता रातांधळेपणा किंवा डोळ्याचा सौम्य कोरडेपणा आहे, ती मुले इतरांपेक्षा सरासरीने चौपट प्रमाणात मृत्यू पावतात. या जीवनसत्त्वाने श्वासनलिका व आतडी यांचे अस्तर धड राहते. ते बिघडले की साधी हगवण आणि साधा गोवरही जिवावर बेततो. सुमात्रा बेटावरील आचे भागात ४५० खेड्यांत केलेल्या आणि १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, सहा महिन्यांच्या अंतराने या जीवनसत्त्वाची मोठी मात्रा मिळालेल्या गावांत बालमृत्यू ३४ टक्क्यांनी कमी आढळले. सर्वत्र इतका फरक पडतोच असे मात्र नाही. उत्तर प्रदेशात १९९९ ते २००४ या काळात सुमारे दहा लाख मुलांवर झालेल्या प्रयोगात मृत्यू सुमारे ४ टक्क्यांनीच घटल्याचे दिसले, आणि तेवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तज्ज्ञांत त्यावर पुष्कळ वाद झाला. ज्या मुलखात अभाव तीव्र तेथे औषधाचा गुण अधिक, असा एक सरळ अर्थ त्यातून निघतो.

भारत सरकारने १९७० मध्ये या अभावामुळे येणारे अंधत्व टाळण्यासाठी योजना सुरू केली. आजच्या पद्धतीप्रमाणे बालकास नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर १ लाख एकके, आणि पुढे दर सहा महिन्यांनी २ लाख एकके, अशा पाच वर्षांपर्यंत एकूण नऊ मात्रा अंगणवाडी व आरोग्य उपकेंद्रामार्फत पाजल्या जातात. या योजनेचे आणि गोवराच्या लसीचे फळ असे की, बुबुळ फुटून अंध झालेले मूल आता क्वचितच पाहावयास मिळते. येथे एक गोष्ट सहज नजरेआड होते. मात्रा पाचव्या वर्षी थांबते आणि मूल सहाव्या वर्षी पहिलीत येते. अंगणवाडीच्या उंबरठ्यापर्यंत ज्याची काळजी घेणारी यंत्रणा होती, ते शाळेच्या उंबरठ्यावर केवळ घरच्या ताटावर येऊन ठेपते. २०१६ ते २०१८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पोषण पाहणीत रक्त तपासले असता, पाच वर्षांखालील मुलांत हा अभाव १८ टक्के, तर पाच ते नऊ वर्षांच्या मुलांत २२ टक्के आढळला. म्हणजे तो प्राथमिक शाळेच्या वयात अधिक निघाला. यांतील बहुतेक मुलांच्या डोळ्यांत काही दिसत नाही. त्यांचे पेव रिते होत चालले आहे, एवढेच.

मुलांची आरोग्य तपासणी करणारे पथक वर्षातून एकदा शाळेत येते, ही सोय चांगली आहे. पण पथक येते दिवसा. रातांधळे मूल दिवसा फळ्यावरचे बारीक अक्षरही वाचते. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, बुबुळाच्या बाहेरच्या अंगाला, साबणाच्या फेसासारखा किंचित उंच, राखी-पांढुरका ठिपका असेल तर तो दिवसाही दिसतो. १८६३ मध्ये बिटॉट या फ्रेंच वैद्याने त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला बिटॉटचा ठिपका म्हणतात. शिक्षकाने तो ओळखावयास शिकावे. मात्र मोठ्या मुलांत तो उपचारानंतरही कधीकधी राहून जातो, आणि रातांधळेपणा ठिपक्यावाचूनही असू शकतो.

म्हणून चौकशी करावयाची ती दिवेलागणीची. दिवस मावळण्याच्या सुमारास मुले अंगणात लपंडाव खेळत असताना एखादे मूल आईच्या पदराशी येऊन बसते. गुरे घरी येतात तेव्हा ते वाटेत उभे राहते. उंबऱ्याला अडखळते, पुढ्यातला तांब्या चाचपून शोधते. घरचे म्हणतात, पोर भित्रे आहे किंवा आळशी आहे. घरोघर वीज आल्यामुळे हे ओळखणे एका अर्थी अवघड झाले आहे, कारण दिव्याखाली अशा मुलाचे उणे झाकून जाते. वीज गेली, की मागल्या दारी पाठवले, की ते उघडे पडते. सहलीहून परतताना उशीर झाला तर कोण मित्राचा सदरा धरून चालतो, हे शिक्षकास सहज दिसण्यासारखे आहे. संध्याकाळचा पाठ कधीच न करणाऱ्या आणि सकाळच्या वर्गात मात्र हुशारीने उत्तरे देणाऱ्या मुलास छडी किंवा टोमणा देण्यापूर्वी, त्या घरी वीज आहे की नाही आणि त्याला कंदिलाच्या उजेडात दिसते की नाही, एवढे विचारण्यास फार वेळ लागत नाही.

हा प्रश्न मुलापेक्षा त्याच्या आईस विचारावा. मुलाला आपल्यापेक्षा इतरांना अंधारात अधिक दिसते हे ठाऊकच नसते. विचारण्याचीही एक रीत आहे. आधी विचारावे, मुलाला दिवसा पाहण्यास काही त्रास होतो का. मग, रात्री किंवा दिवस मावळल्यावर होतो का. आणि मग, त्याच्या बरोबरीच्या मुलांपेक्षा त्याचे रात्रीचे दिसणे वेगळे आहे का. दिवसाही त्रास असेल तर दुखणे बहुधा दुसरे आहे, कदाचित चष्म्याचे. गावात या व्याधीस जो शब्द रूढ असेल तोच वापरावा. पुस्तकी शब्द विचारला तर आई ‘नाही’ म्हणून मोकळी होते.

संशय आला की मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. शिक्षकाने स्वतःच्या बुद्धीने औषध पाजण्याच्या भरीस पडू नये, कारण हे जीवनसत्त्व जितके उपकारक तितकेच अतिरेकाने अपायकारक आहे. बॅरेन्ट्स या डच नाविकाचे सहकारी १५९७ मध्ये उत्तर ध्रुवाकडील बर्फात अडकलेले असताना त्यांनी पांढऱ्या अस्वलाचे यकृत खाल्ले. त्यांतले काही अतिशय आजारी पडले आणि त्यांची अंगभर कातडी सोलून निघाली. अस्वलाच्या यकृतात हे जीवनसत्त्व विषाइतके साठलेले असते, ही उकल पुढे साडेतीनशे वर्षांनी झाली. भाजीपाल्यात मात्र हा धोका नाही. शरीर कॅरोटीनपासून गरजेपुरतेच जीवनसत्त्व तयार करते. गाजरे फारच खाल्ली तर तळहात पिवळे दिसतात, इतकेच. गाजर खाल्ल्याने वैमानिकांना रात्री मांजरासारखे दिसते, अशी समजूत युद्धकाळच्या इंग्लंडात बरीच पसरली होती. तीत अर्धेच तथ्य आहे. ज्याला उणे आहे त्याचे उणे गाजराने भरून निघते. ज्याला पुरेसे आहे त्याची दृष्टी त्याने अधिक तीक्ष्ण होत नाही.

शाळेच्या हाती असलेली दुसरी गोष्ट म्हणजे दुपारचे भोजन. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दररोज ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल धरलेले आहे. ती भाजी रोज बटाटा आणि कोबीच असेल, तर मापाने भोजन पूर्ण होते, पण या बाबतीत ते शेफील्डच्या ताटासारखेच फिकट राहते. शेवग्याचा पाला, राजगिरा, मेथी, चाकवत, अळू, पालक, कोथिंबीर, लाल भोपळा यांपैकी काही आठवड्यातून तीनचार वेळा पडले तर चित्र पालटते. शेवग्याचा पाला या सर्वांत श्रेष्ठ. झाड एकदा लावले की पाणी मागत नाही, आणि शेंगा विकून पाला गुरांपुढे टाकण्याची पद्धत सर्वत्र आहे. शाळेच्या परसबागेत दोन शेवगे आणि चार पपया पुरेत. भाजीतील कॅरोटीनचा थोडाच भाग अंगी लागतो. सुमारे बारा भागांतून एक भाग जीवनसत्त्व मिळते असे आजचे शास्त्र धरते, आणि तेवढ्यासही बरोबर थोडे तेल असावे लागते. तेव्हा ते ५ ग्रॅम तेल भाजीतच पडले पाहिजे. पालेभाजी झाकण ठेवून शिजवावी. हरभऱ्याचा पाला पावसाळ्यासाठी वाळवून ठेवण्याची चाल उत्तम आहे, पण तो कडक उन्हात वाळवला तर रंगाबरोबर कॅरोटीनही उडते. सावलीत वाळवलेला पाला हिरवा राहतो व अधिक उपयोगी पडतो. आंबा आणि पपई यांच्या मोसमात मुलांनी खाल्लेले सारे त्याच दिवशी खर्च होत नाही. पेवात पडलेले पुढे काही आठवडे पुरते. गावरान आंबा बाजारात भाव खात नाही आणि झाडाखाली कुजतो, त्या गावांत निदान हे ज्येष्ठाचे दिवस वाया जाऊ नयेत.

रातांधळेपणा ठरल्यावर आरोग्य केंद्रात औषधाची एक मात्रा त्याच दिवशी, दुसरी दुसऱ्या दिवशी आणि तिसरी दोन आठवड्यांनी देतात. गुण इतका लवकर येतो की, एकदोन दिवसांतच मूल दिवेलागणीला अंगणात खेळू लागते, आणि म्हणूनच तिसऱ्या मात्रेला पुष्कळ आया मुलास घेऊन जात नाहीत. ती तारीख शिक्षकाने हजेरीपटावर त्या मुलाच्या नावापुढे शिसपेन्सिलीने टिपून ठेवावी. त्याच घरी अंगणवाडीत जाणारे धाकटे भावंड असेल तर त्याचेही नाव सेविकेस कळवावे; दोघांचे ताट एकच असते.